शब्दचर्चा : ‘प्रिपेअर्डनेस’ म्हणजे तयारी, पूर्वतयारी की सज्जता?

शंकेखोर :
साथी, मोठे अपघात, रसायनगळती अशा प्रसंगांसाठी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात. त्याच्या एका पुस्तिकेचं मराठी करायला घेतलंय. वाचणारे म्हणजे परिचारिका, वॉर्डबॉय, औषधभांडार सांभाळणारे, नोंदणीच्या खिडकीवरचे. घोडं मथळ्यातच अडलं. ‘इमर्जन्सी प्रिपेअर्डनेस’ला आपत्कालीन तयारी, पूर्वतयारी, सज्जता, सिद्धता असे सगळे शब्द वापरलेले दिसतात. त्यातला ‘पूर्वतयारी’ मला खटकतो. तयारी पूर्वीच करतात ना? नंतर करतात ती धावपळ.
दुसरं असं की पुस्तिकेत ट्रेनिंग, ड्रिल, एक्झरसाइज, सिम्युलेशन हे शब्द पानापानावर आहेत. सगळीकडे ‘सराव’ लिहून मोकळं झालं तर चालेल का? आणि एकदम खूप जखमी आले की कुणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या ‘ट्रिआज’चं काय करू?

जुनीवही :
‘पूर्वतयारी’ला द्विरुक्ती म्हणून हाकलू नका. तयारी प्रसंग दारात आल्यावरही चालू असते, पूर्वतयारीत प्रसंगाची चाहूलही नसते. पण मथळ्याला मी ‘सज्जता’ घेईन. एक सोपी कसोटी बघा. ‘तयारी चालू आहे’ असं आपण म्हणतो, ‘सज्जता चालू आहे’ असं कुणी म्हणत नाही. तयारी ही क्रिया आहे, सज्जता ही स्थिती. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक परिभाषेत प्रिपेअर्डनेसची व्याख्या ज्ञान आणि क्षमता अशीच केली आहे : संकटाचा अंदाज घेण्याची, त्याला तोंड देण्याची आणि त्यातून सावरण्याची. क्षमता असते किंवा नसते, ती ‘चालू’ नसते.

रात्रपाळी :
मास्कचे खोके कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब घरी. तयारी पूर्ण, सज्जता शून्य. जुनीवही यांना अनुमोदन.

खडूफळा :
प्रशिक्षण देणं हेच माझं काम, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर. सगळीकडे ‘सराव’ लिहिलंत तर पुस्तिका निकामी होईल, कारण या शब्दांमधला फरक हाच त्या प्रकरणाचा विषय असतो.
ट्रेनिंगमध्ये जे येत नाही ते शिकवतात, त्याला ‘प्रशिक्षण’ आहेच. बाकीच्यात जे शिकवलंय ते, आणि लिहून ठेवलेली योजना, चालते का हे तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीत या सगळ्याला मिळून सिम्युलेशन एक्झरसाइज म्हणतात आणि त्याचे चार प्रकार पडतात. टेबलटॉपमध्ये सगळे टेबलाभोवती बसतात, एक काल्पनिक प्रसंग समोर ठेवतात आणि ‘आता तुम्ही काय कराल’ याची चर्चा होते. कुणी जागचं हलत नाही. ड्रिलमध्ये एकच काम पुन्हा पुन्हा करून घेतात, जसं वॉर्ड रिकामा करणं किंवा संरक्षक पोशाख चढवणं-उतरवणं. फंक्शनलमध्ये नियंत्रण कक्ष खरोखर चालतो, फोन खरे जातात, निर्णय घड्याळाच्या काट्यावर घ्यावे लागतात, पण रुग्ण कागदावरच असतात. फुल-स्केलमध्ये रुग्णवाहिका धावतात आणि स्वयंसेवक जखमी म्हणून आडवे पडतात.
मी वर्गात म्हणतो : चर्चासराव, कवायत, कक्षसराव आणि रंगीत तालीम.

शंकेखोर :
‘कवायत’ लिहिलं की मैदानातली डावी-उजवी आठवते. शिवाय हल्ली ‘नुसतीच कवायत’ म्हणजे निष्फळ खटाटोप असा अर्थ झालाय.

जुनीवही :
मूळ अरबी ‘कायदा’, त्याचं अनेकवचन ‘कवाइद’, म्हणजे नियम. नियमाने, न चुकता, विचार न करता हातून व्हावं इतकं घोटवून घेणं, हीच ड्रिलची कल्पना आहे. त्यामुळे अर्थाच्या बाजूने कवायत चोख बसते. निष्फळतेची छटा आहे खरी, पण ती बातम्यांच्या भाषेतली, वॉर्डातली नाही.
माझी हरकत ‘रंगीत तालमी’ला आहे. रंगीत तालीम नाटकाची. तिथे संहिता पाठ असते, प्रयोगाची तारीख ठरलेली असते. इथे दोन्ही नसतं. बातम्यांत तर चार बादल्या वाळू फेकली तरी रंगीत तालीम होते.

खडूफळा :
म्हणून तर मी ती फक्त फुल-स्केलसाठी राखून ठेवतो. तिथे स्वयंसेवकांच्या अंगावर खोट्या जखमा रंगवतात, त्या कलेला मुलाज म्हणतात. रंग आहे, पोशाख आहे, पात्रं आहेत. संहिता फक्त संचालकांच्या हातात असते आणि तेच मधून मधून नवं संकट सोडतात : वीज गेली, दुसरी बस उलटली, रक्तपेढीचा फोन लागत नाही. इंग्रजीत त्याला ‘इंजेक्ट’ म्हणतात. हा शब्द परिचारिकांच्या पुस्तिकेत तसाच ठेवू नका, लोक सुया शोधतील. आम्ही ‘चिठ्ठी’ म्हणतो. ‘तिसरी चिठ्ठी आली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.
आणि एक वाक्य चौकटीत छापा. रंगीत तालमीतला प्रत्येक निरोप ‘सराव, सराव, सराव’ असं म्हणून सुरू करायचा, म्हणजे बाहेरचा कुणी ऐकून घाबरत नाही. उलट तालमीत कुणी खरंच पडलं, कुणाला खरंच चक्कर आली, तर त्यासाठीही आधी ठरवलेला शब्द लागतो. काही देशांच्या सैन्यात त्यासाठी ‘नो डफ’ म्हणतात. आपल्याकडे सरळ ‘हे खरं आहे’ एवढं पुरतं, मात्र ते आधी सगळ्यांना सांगितलेलं हवं. नाही तर वाटतं, काय सुंदर अभिनय करतोय!

रात्रपाळी :
आता ट्रिआज. हात जोडून सांगते, ‘निवड’ लिहू नका. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या कानावर ‘आत निवड चालू आहे’ पडलं तर त्याचा अर्थ एकच होतो. ट्रिआजमध्ये आधी कोण, मग कोण, एवढंच ठरतं. आणि ते एकदा ठरवून संपत नाही. पिवळी खूण मिळालेला, म्हणजे थोडा थांबू शकणारा माणूस दहा मिनिटांत लाल, म्हणजे तातडीचा होतो, म्हणून पुन्हा पुन्हा फिरून बघायचं असतं. ‘निवड’ या शब्दात पुन्हा बघणं बसतच नाही.

जुनीवही :
फ्रेंच धातूचा अर्थ मात्र निवडणं, वेगवेगळं करणं असाच आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक-ज्याँ लारे याचं नाव या पद्धतीशी जोडतात. जखमीचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे त्यावरून आधी-नंतर ठरवायचं, हा त्याचा आग्रह होता. ‘प्रतवारी’ मालाची होते, ‘वर्गवारी’ कागदांची, ‘क्रमवारी’ खेळाडूंची. त्यातल्या त्यात ‘अग्रक्रम लावणे’ बरं. नामच हवं असेल तर ‘उपचारक्रम’.

खडूफळा :
‘उपचारक्रम’ आवडला, फक्त औषधांच्या कोर्सशी घोटाळा होऊ शकतो. वाचकाला कृती कळली की शब्दाचं ओझं कमी होतं, म्हणून कृती लिहाच. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे एक रुग्णालय आणि अग्निशमन दल यांनी मिळून बसवलेली ‘स्टार्ट’ पद्धत मी शिकवतो. आधी मोठ्याने सांगायचं, ‘ज्यांना चालता येतं त्यांनी तिकडे जा.’ गेले ते हिरवे. उरलेल्यांत श्वास बघायचा. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून बघायचा. सुरू झाला तर लाल, तरीही नसेल तर काळा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘हात दाब’ म्हटल्यावर दाबत नसेल तर लाल. तिन्ही ठीक असतील पण चालता येत नसेल, तर पिवळा. एका माणसापाशी अर्धा-एक मिनिट, त्याहून जास्त नाही. ही मोठ्या माणसांची मापं, लहान मुलांसाठी वेगळी पद्धत आहे.

शंकेखोर :
छान, हे जवळजवळ असंच घेतो. पण दोन ठिकाणी अजून अडलोय. ‘रिव्हर्स ट्रिआज’ आणि ‘एक्स्पेक्टंट’.

खडूफळा :
‘रिव्हर्स ट्रिआज’ला आधी मागचापुढचा परिच्छेद बघा. त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. रुग्णालयाच्या संदर्भात : आधीच दाखल असलेल्यांपैकी कुणाला सुरक्षितपणे घरी किंवा दुसरीकडे पाठवता येईल हे ठरवून खाटा मोकळ्या करणं. वीज पडून अनेक जण कोसळले असतील तेव्हा : नेहमी काळे ठरणारे, म्हणजे हालचाल आणि श्वास नसलेले, त्यांच्याकडे आधी धावायचं. विजेने थांबलेलं हृदय अनेकदा पुन्हा सुरू होतं, श्वास मात्र मागे राहतो, आणि वेळेवर श्वास दिला तर माणूस वाचू शकतो. पहिल्याला ‘खाटा मोकळ्या करण्याचा क्रम’ म्हणा, दुसऱ्याला ‘उलटा क्रम’. एकच शब्द दोन्हीकडे वापरू नका.

रात्रपाळी :
‘एक्स्पेक्टंट’चं भाषांतर कुणी ‘गर्भवती’ करून ठेवलं तर मला नवल वाटणार नाही. काही पद्धतींत या गटाला राखाडी रंग असतो. आहेत ती साधनं आणि माणसं बघता वाचण्याची शक्यता फार कमी, पण जिवंत आहे, असा माणूस. इंग्रजी शब्दाने सौम्य बोलायच्या नादात अर्थच लपवलाय. एका शब्दाचा हट्ट नको. लिहा : ‘राखाडी – वाचण्याची शक्यता फार कमी, वेदना कमी करा, एकटं सोडू नका, हात मोकळे झाले की पुन्हा तपासा.’ रुग्णाला बांधायच्या पट्टीवर नुसतं ‘राखाडी’.

जुनीवही :
मुळात आपण शब्दांवर एवढी चर्चा करतोय ती वायफळ नाही, याचा एक दाखला देतो. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले. मदतीला आलेल्या दलांची रचना वेगळी, रेडिओ वेगळे आणि एकाच वस्तूला नावंही वेगवेगळी, हे तेव्हा लक्षात आलं. त्यातून पुढे घटना-नियंत्रणाची जी पद्धत उभी राहिली आणि रुग्णालयांनीही घेतली, तिच्या तत्त्वांत ‘समान परिभाषा’ हे एक तत्त्वच आहे. त्या परिभाषेत ‘टँकर’ म्हणजे पाणी टाकणारं विमान, पाण्याची गाडी म्हणजे ‘टेंडर’. आता टँकर मागवला आणि विमान आलं, असं नको!

रात्रपाळी :
रुग्णालयातले रंगांचे कोड घ्या ना. ‘कोड ऑरेंज’ ऑस्ट्रेलियात ऐकू आला तर इमारत रिकामी करायची, कॅनडातल्या ऑन्टॅरिओत तो बाहेर मोठी दुर्घटना झाल्याचा इशारा, आणि कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत घातक रसायन सांडल्याचा. एका ठिकाणची परिचारिका दुसरीकडे कामाला गेली की झालं. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सरळ भाषेत घोषणा करायचा आग्रह धरतात : ‘दुसरा मजला, आग, जिन्याने उतरा.’ पुस्तिकेत कोड असतील तर प्रत्येकासमोर सरळ मराठी वाक्य द्या.

शंकेखोर :
‘रिसोर्सेस’? मी ‘संसाधने’ लिहीत आलोय.

जुनीवही :
वाचायलाच त्रास होतो. ‘ट्रेनिंग रिसोर्सेस’ असेल तर अभ्याससाहित्य. सामान असेल तर साधनसामग्री. माणसंही धरली असतील तर ‘मनुष्यबळ आणि सामग्री’. बाहेरून मागवलेली जादा मदत असेल तर आपला जुना ‘कुमक’ फार नेमका आहे. ‘संसाधने’ म्हटलं की लिहिणाऱ्यालाही यातलं काय म्हणायचंय ते ठरवावं लागत नाही, म्हणूनच तो शब्द लोकप्रिय असावा.

खडूफळा :
‘सर्ज कपॅसिटी’ आलं असेलच. त्यात माणसं, सामान, जागा आणि व्यवस्था असे चार भाग मोजतात. ‘वाढीव क्षमता’ बरोबर, पण त्यात कायमची वाढ असं वाटतं. ‘लोंढा पेलण्याची क्षमता’ लिहा, लांब असलं तरी.

शंकेखोर :
शेवटचं. ‘इमर्जन्सी’साठी सगळीकडे ‘आणीबाणी’ ठेवू का? राजकीय वास येतो.

जुनीवही :
येतो, पण ‘आरोग्य आणीबाणी’ आता रुळलंय. ‘आपत्कालीन’ विशेषण म्हणून ठीक : आपत्कालीन कक्ष, आपत्कालीन दरवाजा. जिथे औपचारिक घोषणा असते तिथे मात्र आणीबाणीच हवं आणि तिथे ‘महासाथ’ची सरमिसळ नको. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडबद्दल ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतली त्या वेळची सर्वांत वरची घंटा ती होती. ‘पँडेमिक’ हा शब्द संघटनेने ११ मार्चला वापरला, तेव्हा त्या नियमांत त्याला काहीच दर्जा नव्हता. तरी अनेकांच्या लेखी संकट सुरू झालं ते ११ मार्चला! पुढे २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ‘पँडेमिक आणीबाणी’ अशी वेगळी, वरची पायरी आली. तिला ‘महासाथ आणीबाणी’ म्हणा. ‘महामारी’त मरणाचा आकडा डोकावतो, पँडेमिकच्या अर्थात फक्त पसरण्याचा आवाका आहे.

शंकेखोर :
मथळा ‘आरोग्य आणीबाणीसाठी सज्जता’ असा ठरवतो. ट्रिआजला ‘उपचारक्रम’, पण पहिल्या पानावर ‘ट्रिआज’ही देतो.

खडूफळा :
प्रत्येक पानावर द्या. बाहेरून आलेली रुग्णवाहिकेची माणसं ‘ट्रिआज कुठे आहे?’ असंच ओरडत येतील.

रात्रपाळी :
आणि पोशाखाच्या प्रकरणात ‘चढवणे’ला अर्धं पान, ‘उतरवणे’ला दोन पानं द्या. संसर्गाचा धोका उतरवताना जास्त असतो. तिथे प्रत्येक पायरीला ‘थांबा, हात स्वच्छ करा’ हे वेगळ्या ओळीत हवं.