फुकटचा वकील मिळाला होता का कोणाला? अनुभव लिहा

रामबागवाली माई: वरचं कपाट आवरताना मावशीच्या पोटगीच्या केसची फाइल निघाली आणि सगळं आठवलं. तिला विधिक सेवावाल्यांकडून, म्हणजे गरजूंना वकील देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, वकील मिळाला होता, फुकट. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, त्यांचा मुंशी (कारकून) बाहेर येऊन म्हणायचा, फोटोकॉपीचे द्या, टाइपिंगचे द्या, आणि मावशी मुकाट्यानं पदराची गाठ सोडायची. पुढे कळलं की पॅनेलच्या, म्हणजे विधिक सेवेच्या यादीतल्या, वकिलानं पक्षकाराकडून काही घ्यायचंच नसतं. पण त्यांना तरी काय मिळत होतं, केस निकाली निघाली की बिल लावा आणि बसा वाट बघत! तुमचं कसं झालं? आणि ह्यांना पैसे द्यायचे कोणी, कसे?

छावणीचा बंड्या: आधी सांगा पोटगी मिळाली का

रामबागवाली माई: मिळाली रे, थोडे महिने देऊन तो गायब झाला. ते वेगळं पुराण.

काळा कोट: मी पॅनेलवर होतो म्हणून बोलतो. जामिनाच्या अर्जाचं मानधन पेट्रोलात जायचं, वर बिलाला ऑर्डरची कॉपी जोडा, हजेरी जोडा, आणि एवढं करून बाबू म्हणणार बजेट नाही आलं. मग जरा प्रॅक्टिस जमली की माणूस नाव काढून घेतो, उरतात कालची पोरं, गरिबाच्या केसवर हात साफ करायला. 2022 मधे नाल्साची (राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाची) डिफेन्स काउन्सेल, म्हणजे बचावाच्या वकिलांची, स्कीम आली ती बरी आहे, पूर्ण वेळ वकील, महिन्याचे ठरलेले पैसे, खासगी प्रॅक्टिस बंद. पण ती फौजदारीतल्या आरोपींसाठी. पोटगी, ताबा, वाटणी ह्यांना तोच जुना पॅनेल. माझं म्हणणं एकच, पेशी झाली की त्याच महिन्यात खात्यात पैसे. मुंशी आपोआप गप्प बसेल.

पोहेवाला पंत: लोक अदालतीत आमचा पाणीपट्टीचा सरचार्ज सुटला होता, वकीलबिकील काही लागला नाही. गर्दी मात्र इंदूरच्या सराफा बाजारासारखी

नणंदबाई: आमच्या वहिनीला सत्तर हजार पगार, तिनंही फुकट वकील घेतला आमच्याविरुद्ध. आणि टॅक्स भरायचा आम्ही, वा!

काळा कोट: विधिक सेवा कायद्याचं कलम 12 आहे ताई. बाई, मूल, अजा-जमाती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, ह्यांचं उत्पन्न बघतच नाहीत. मर्यादा आहे ती ह्यात न बसणाऱ्यांना.

सुधा_ग्वाल्हेर: पगार खात्यात येतो म्हणजे तिच्या हातात येतो असं नसतं हो. माझं एटीएम कार्ड सासूच्या डब्यात असायचं, हळदीकुंकवाच्या शेजारी. तेव्हा कोणी पगाराची स्लिप मागितली असती तर मी गेलेच असते कामातून

नणंदबाई: आमच्याकडे तसं काही नव्हतं

रामबागवाली माई: सगळ्यांकडे नसतंच म्हणतात :)

छावणीचा बंड्या: चेक बाउन्सवाल्यांकडून वसूल करा की ह्या वकिलांचे पैसे, इंदूरला काय कमी आहेत का

काळा कोट: करतात ना. 2010 मधे सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं, उशिरा तडजोड केली तर मॅजिस्ट्रेटकडे चेकच्या 10 टक्के, सेशन्स-हायकोर्टात 15, सुप्रीम कोर्टात 20, आणि ते विधिक सेवावाल्यांकडे जमा. 2025 मधे कोर्टानंच ते टक्के कमी केले. शिवाय जज लोक कॉस्ट (खर्चाचा भुर्दंड) लावतात तीही बऱ्याचदा इकडेच वळवतात. पण लोकांच्या उशिरावर वकिलाचा पगार काढायचा हे मला पटत नाही. सगळे वेळेवर शहाणे झाले तर आमची चूल बंद? सरकारी डॉक्टरला जसा बजेटमधून पगार, तसाच द्या.

सुधा_ग्वाल्हेर: पण मग डॉक्टरसारखेच संध्याकाळी घरी क्लिनिक उघडतील

काळा कोट: हा हा, ते आहे. म्हणून तर त्या स्कीममधे प्रॅक्टिस बंद केली.

भाऊ_बडोदे: सुधाताई तुम्हाला वकील कसा मिळाला? बहिणीसाठी विचारतोय, ती नोकरी करते

सुधा_ग्वाल्हेर: 15100 ला, विधिक सेवेच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि मग जिल्हा कोर्टात अर्ज दिला. नोकरीचं लिहा खरं खरं, बाई म्हणून मिळतोच. माझी वकीलबाई चांगली निघाली, एक रुपया मागितला नाही. तिचे पैसे कधी आले देव जाणे, मी विचारलं तर नुसती हसली

भाऊ_बडोदे: धन्यवाद ताई, उद्याच करतो

छावणीचा बंड्या: पंत, लोक अदालतीत मूळ पाणीपट्टीपण कमी होते का? आमचं चार वर्षांचं तुंबलंय

पोहेवाला पंत: नाही हो, नुसता सरचार्ज. जुनं बिल घेऊन जा आणि सकाळी लवकर, नंतर काउंटरवर उभं राहवत नाही