मदत हवी आहे: सोबत नेता येईल असा दुसरा स्क्रीन, दिवसा कामाला आणि रात्री गेमिंगला

खिडकीबाज:

नमस्कार मंडळी,

प्रोजेक्टमुळे महिन्यातले पंधरा दिवस मी बाहेरगावी असते. घरच्या टेबलावर २७ इंची मॉनिटर आहे. त्याची इतकी सवय झालीय की लॅपटॉपच्या एकट्या स्क्रीनवर काम करायचं म्हणजे हात बांधून पोहल्यासारखं वाटतं. एकीकडे एक्सेल, दुसरीकडे आकडे ताडून बघायची पीडीएफ, आणि मध्येच व्हिडिओ कॉलवर कुणीतरी म्हणणार, "जरा स्क्रीन शेअर करता का?" ऑल्ट-टॅब दाबून दाबून डावा अंगठा खरंच दुखतो.

म्हणून बॅगेत मावणारा दुसरा स्क्रीन घ्यायचा आहे. लॅपटॉप १५.६ इंची, गेमिंगचा, स्वतःचा डिस्प्ले १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. बाहेर चित्र काढायला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी. घरी प्लेस्टेशन ५ आहे, पण टीव्ही माझ्या वाट्याला क्वचितच येतो, त्यामुळे त्यालाही हाच स्क्रीन लावता आला तर सोन्याहून पिवळं.

डोक्यात सध्या चार पर्याय घोळतायत: साधा १५.६ इंची फुल एचडी (१९२०×१०८०) ६० हर्ट्झ, १६ इंची २५६०×१६०० आणि १४४ हर्ट्झ, १५.६ इंची फोर-के (३८४०×२१६०), किंवा छोटा ओलेड (पाठदिवा नसलेला, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा). चौघांची वर्णनं वाचली तर चारही स्वर्गातून उतरलेत.

आता खरी गोची. अंदाज यावा म्हणून सहकाऱ्याचा स्क्रीन दोन दिवसांसाठी मागून आणला. माझ्या फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली. स्क्रीनची पाठदिव्याची करडी झाक उजळली, कोपऱ्यात ‘नो सिग्नल’ आलं, पाच सेकंदांनी पुन्हा अंधार. मग एचडीएमआय लावली आणि वीज लॅपटॉपच्या जुन्या चौकोनी यूएसबीतून दिली. चित्र आलं! पण ब्राइटनेस निम्म्याच्या वर नेला की स्क्रीन मिटायचा, कंपनीचा लोगो दाखवायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा मिटायचा. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तोच स्क्रीन एका केबलवर बिनतक्रार चालतो.

माझा पोर्ट गेलाय का? आणि चारांतला कोणता घेऊ?


केबलशास्त्री:

पोर्ट गेलेला नाही, निदान अजून तरी तसं म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा वेगवेगळी गोष्ट आडवी आलीय.

पहिली म्हणजे केबल. फोनसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरतीच असते. चित्र ज्या वेगवान तारांवरून जातं त्या तारा तिच्यात नसतातच. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी, म्हणून फसायला होतं. स्क्रीनला वीज मिळाली म्हणून तो उजळला, पण चित्र यायला वाटच नव्हती. सहकाऱ्याकडून स्क्रीनसोबत आलेली मूळ केबल मागा. ती फोनच्या केबलपेक्षा जाड आणि आखूड असेल.

तरीही चित्र आलं नाही तर मग पोर्ट बघा. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे. त्यातून चित्र निघायला लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. पोर्टशेजारी डी आणि पी एकमेकांत गुंतल्यासारखी खूण असेल किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर काम झालं. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल तर खात्री नाही, मॉडेलचं माहितीपत्रक उघडा.

दुसरी गोष्ट वीज. एचडीएमआय चित्र नेते, स्क्रीन चालवण्याइतकी वीज नेत नाही. तुम्ही ती चौकोनी यूएसबीतून घेतलीत. यूएसबी ३ च्या त्या पोर्टची ठरलेली मर्यादा ५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॉट. असा स्क्रीन पूर्ण उजेडात साधारण ८ ते १० वॉट ओढतो. निम्म्या उजेडापर्यंत कसंबसं भागलं, पुढे मान टाकली. फोनचा चार्जर स्क्रीनला लावा, मिटणं-उघडणं थांबेल.


सहजच:

टॅब्लेट आहे का घरात? अँड्रॉइडवर स्पेसडेस्क हे अॅप टाकलं की तोच दुसरा स्क्रीन होतो. मॅक आणि आयपॅड असेल तर त्यांची साइडकारची सोय आहेच. मी पीडीएफ वाचायला तेवढंच वापरतो. गेम मात्र विसरा, माउस हलवल्यावर बाण मागून चालत येतो.


खिडकीबाज:

@केबलशास्त्री, तुमच्या पायाची धूळ! मूळ केबल आणली आणि एका झटक्यात चित्र आलं. पोर्टशेजारी ती डी-पी खूण आहे, भिंग घेऊन बघावी लागली. काळ्या प्लास्टिकवर काळ्याच रंगात छापणाऱ्या माणसाला भेटायचंय मला.

@सहजच, टॅब्लेट आहे, पण १० इंचात एक्सेल म्हणजे किल्लीच्या भोकातून नाटक बघणं.


रात्रपाळी:

चारांतला कोणता हे ठरवायच्या आधी एक सांगा, गेम नक्की कोणत्या स्क्रीनवर खेळणार? तुमच्या लॅपटॉपचाच १४४ चा आहे. बाहेरचा ६० चा घेऊन त्यावर खेळलात तर एक फ्रेम (म्हणजे एक चित्र) १६.७ मिलिसेकंद थांबणार, लॅपटॉपवर तीच ६.९ मध्ये बदलते. पैसे खर्चून मागे जाण्यात काय मतलब? आणि गेम लॅपटॉपवर, शेजारी नकाशा, गप्पांची खिडकी नाहीतर यूट्यूब असं असेल, तर शेजारच्याला १४४ कशाला हवेत?

आणखी एक तपासणी करा, दोन मिनिटांची आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथून अॅडव्हान्स्ड डिस्प्ले. वर दुसरा स्क्रीन निवडा. तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय ते खाली लिहिलेलं असतं. आधी टाइप-सीवर बघा, मग एचडीएमआयवर. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एक पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला आणि दुसरा थेट मोठ्या कार्डाला जोडलेला असतो. कोणता कुठे हे मॉडेलगणिक बदलतं. प्रोसेसरच्या वाटेने गेम बाहेर काढलात तर मोठ्या कार्डाने रंगवलेली प्रत्येक फ्रेम आधी छोट्याकडे पोचवावी लागते, त्यात थोडे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जातात.

आणि तिथेच रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडाही बघून घ्या. १४४ चा स्क्रीन घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातला एक रोज आरशात दिसतो.


खिडकीबाज:

बघितलं. टाइप-सीवर इंटेल, एचडीएमआयवर एनव्हिडिया! एकच गेम, एकच रस्ता, तीच गाडी, दोनदा पळवली. एचडीएमआयवर ९० च्या आसपास, टाइप-सीवर ८० च्या आगेमागे. म्हणजे टाइप-सी कुचकामी समजायचं का? मला तर एका केबलचं सुख हवं होतं.


रात्रपाळी:

उलट! कामासाठी तोच पोर्ट सोन्याचा आहे. एचडीएमआयला स्क्रीन लावलात की ते मोठं कार्ड झोपूच शकत नाही, नुसतं एक्सेल उघडं असलं तरी ते जागं राहून बॅटरी खातं. टाइप-सीवर लावलात तर इंटेल सांभाळतं आणि एनव्हिडिया झोपून राहतं. दिवसा टाइप-सी, एक केबल. रात्री लॅपटॉप चार्जरवर असणारच, तेव्हा बाहेर खेळायचं असेल तर एचडीएमआय.

बॅटरीवरून आठवलं, एका केबलवर चालणारा स्क्रीन तुमच्याच बॅटरीतून पितो. समजा बॅटरी ६० वॉट-अवर आणि साध्या कामात लॅपटॉप १२ वॉट घेतो, तर पाच तास. त्यात स्क्रीनचे ८ मिळवा, २० झाले, उरले तीन तास. प्रवासात १०००० एमएएचची पॉवर बँक स्क्रीनला वेगळी लावली तर तिच्यावर तो तीनेक तास निघतो. मात्र चार्जिंगसकट दोन टाइप-सी पोर्ट असलेलाच स्क्रीन घ्या.


पिक्सेलमोजणी:

फोर-के यादीतून काढा. १५.६ इंचात फोर-के म्हणजे इंचाला २८२ पिक्सेल. अक्षरं मुंगीएवढी होतात, मग विंडोजमध्ये २०० टक्के स्केलिंग (सगळं दुप्पट मोठं दाखवणं) ठेवावं लागतं आणि जागा फुल एचडीएवढीच उरते. अक्षरं कोरीव दिसतात हे खरं, पण लॅपटॉपच्या कार्डाला त्यावर गेम ओढायला लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

‘एचडीआर’ (जास्त झगझगीत उजेड आणि गडद सावल्या दाखवणारं चित्र) या शब्दाकडेही दुर्लक्ष करा. २५० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) स्क्रीनवर एचडीआर लिहिलेलं असतं तेव्हा तो एचडीआरचा सिग्नल नाकारत नाही इतकाच अर्थ. दाखवायला उजेड कुठाय त्याच्याकडे?

आता तुमच्या कामाची गोष्ट. १६ इंची १६:१० आणि १५.६ इंची १६:९ (हे रुंदी-उंचीचं प्रमाण) हे दोन्ही पट्टीने मोजा. रुंदी जवळपास सारखीच, साडेचौतीस सेंटिमीटर. उंची मात्र १९.४ आणि २१.५. म्हणजे बॅगेत तितकीच जागा आणि वर दोन सेंटिमीटर फुकट. १९२०×१२०० मध्ये फुल एचडीपेक्षा पिक्सेलच्या १२० ओळी जास्त मिळतात, एक्सेलच्या भाषेत १०० टक्के झूमवर सहा रांगा. आकडे ताडून बघणाऱ्याला सहा रांगा म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

रंगाचा आकडाही बघा, म्हणजे एनटीएससी किंवा एसआरजीबी या ठरलेल्या रंगपट्ट्यांतले किती टक्के रंग दिसतात तो. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर लाल रंग विटकरी दिसतो आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं की आजारी माणसाशेजारी निरोगी बसल्यासारखं वाटतं. ७२ टक्के एनटीएससी किंवा १०० टक्के एसआरजीबी बघा, उजेड ३०० निट्सच्या पुढे.

ओलेड सुंदर असतो, वादच नाही. पण दिवसभर तोच टास्कबार आणि त्याच एक्सेलच्या रेघा ठेवल्या तर त्यांचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते. सिनेमाला घ्या, हिशेबाला नको.


अनुभवी_गिऱ्हाईक:

ताई, सगळे पॅनेलवर बोलतायत, मी पायावर बोलतो. म्हणजे स्टँडवर.

माझा पहिला स्क्रीन (कंपनीचं नाव नको) चुंबकी कव्हर दुमडून उभा करायचा होता. कोन दोनच: एक सरळ, एक त्याहून थोडा कलता. टेबलावर टाइप करायला लागलो की तो हळूहळू घसरायचा आणि मीटिंगच्या ऐन मध्यात पाठीवर आडवा व्हायचा. शेवटी मागे पाण्याची बाटली लावायचो. मागच्या बाजूला धातूचा उघडमीट पाय असलेलाच घ्या, हव्या त्या कोनात थांबतो. तळाशी ट्रायपॉडचं छिद्र असेल तर दुधात साखर, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला येतो आणि मान वाचते.

त्याच स्क्रीनचा मिनी-एचडीएमआय पोर्ट आठ महिन्यांत ढिला झाला. केबलचं डोकं जड, पोर्ट इवलासा, आणि उचलताना मी केबल तशीच ठेवायचो. आधी चित्रावर हिरवे ठिपके चमकायचे, मग केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चित्र. वॉरंटीवाले म्हणाले, ‘वापरण्यातली चूक’. तेव्हा एचडीएमआय काटकोनी टोकाची घ्या आणि बॅगेत भरण्याआधी काढत जा. तुमचं रोजचं काम टाइप-सीवर होणार असेल तर हा त्रास आपोआप कमी होईल.


खिडकीबाज:

बाटलीची युक्ती मी आत्ताच करून बघितली, चालते! 😄

प्लेस्टेशनबद्दल कुणी बोललं नाही अजून.


केबलशास्त्री:

प्लेस्टेशन ५ चित्र फक्त एचडीएमआयमधून देतो, त्याच्या टाइप-सीतून चित्र येत नाही. म्हणजे एचडीएमआय केबल आणि स्क्रीनला वेगळा चार्जर. काही गेममध्ये तो १२० हर्ट्झ देतो, त्याच्या वर नाही, त्यामुळे १४४ मधले वरचे २४ तिथे वायाच. १४४०पीची (२५६०×१४४०) सोय त्यात सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून आली.

१६:१० घेणार असाल तर एक गोष्ट आधीच बघा. प्लेस्टेशन १६:९ चं चित्र पाठवतो. स्क्रीनच्या मेनूत आकार राखण्याची सोय असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र नीट दिसतं. ती सोय नसेल तर चित्र उभं ताणलं जातं, सगळी पात्रं बारीक आणि लंबूटांग. परत करायची मुदत असतानाच हे तपासा. स्पीकरची अपेक्षा ठेवू नका, डब्यातून आल्यासारखा आवाज येतो. हेडफोन कंट्रोलरला लावा.


खिडकीबाज:

ठरलं बहुतेक. बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की बाहेरगावी मी गेम लॅपटॉपच्या स्क्रीनवरच खेळते आणि प्लेस्टेशनवर महिन्यातून चारपाच रात्री, तेही गोष्टीवाले, संथ गेम. १४४ चा मोह होता, गरज नव्हती. १६ इंची, १९२०×१२००, ६० हर्ट्झ, १०० टक्के एसआरजीबी, मागे धातूचा पाय, दोन टाइप-सी. आकार राखायची सोय मेनूत आहे का ते विक्रेत्याला विचारलंय, उत्तर आलं की मागवते.

सहकाऱ्याचा स्क्रीन आज परत केला, त्याची केबल मात्र अजून माझ्याच बॅगेत आहे. उद्या देते. बहुतेक.


रात्रपाळी:

केबल त्याला द्याच, आणि स्वतःची घेताना तिच्यावर मार्करने ‘चित्र’ असं लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी ती फोनच्या केबलींत मिसळेल आणि ‘नो सिग्नल’ म्हणून तुम्ही परत इथेच याल.