अ‍ॅडॅप्टिव्हची खूण काढणं पुरेसं नाही

इन्व्हेंटर या थ्री-डी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन पक्कं झालं की पार्टवरची 'अ‍ॅडॅप्टिव्ह' खूण (शेजारचा पार्ट बदलला की हाही आपोआप बदलतो, ती सोय) काढा, असं सांगतात ते बरोबर, पण अर्धंच. त्याने पार्ट नुसता गोठतो. शेजारच्या प्लेटवरून प्रोजेक्ट केलेली, म्हणजे स्केचमध्ये उमटवून घेतलेली, भोकाची कड त्या प्लेटला बांधलेलीच राहते. कुणी खूण परत लावली, की भोक सरकलंच म्हणून समजा! हा दुवा कायमचा तोडायचा तर ब्राउझरमध्ये (पार्टमधल्या गोष्टींची यादी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) स्केचखालच्या रेफरन्सवर राइट-क्लिक करून 'ब्रेक लिंक' द्या. मग सुट्या झालेल्या वर्तुळाला व्यास आणि कडेपासूनची दोन्ही मापं लगेच द्या, नाहीतर ते माउसने ओढलं जातं.

मुळात नुसता आकार उचलायचा असेल, तर प्रोजेक्ट करताना कंट्रोल दाबून धरा. दुवा तयारच होत नाही.