बातमीत आई दिसली, पाटी दिसली. खेळ कुठे गेला?

कातळकडा (वेंगुर्ला)

आमच्याकडच्या सलूनमध्ये आरशाच्या वर एक कात्रण लॅमिनेट करून लावलंय. चार कॉलमी बातमी. मथळा: मासे विकणाऱ्या माउलीचा लेक झाला लखपती. फोटोत आई डोक्यावर पाटी घेऊन उभी, शेजारी आमचा दोस्त, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. एका हिंदी प्रश्नमंजुषेत तो ३ लाख २० हजार जिंकून आला होता. आपला नंबर येईपर्यंत मी ती बातमी निदान पंधरा वेळा वाचली असेन. वडील लवकर गेले, घर कौलारू, भावाने शिक्षण सोडलं, सरपंचांनी शाल दिली. सगळं आहे. किती प्रश्न झाले, कुठला अडला, लाइफलाइन कधी वापरल्या, एक अक्षर नाही.

आता खरा खेळ ऐका. चौथाच प्रश्न, अगदी सोपा: 'ज्वार-भाटा' का संबंध किससे है? पर्याय खेत, समुद्र, मंडी, जंगल. पोराच्या डोक्यात ज्वारी बसली. भाटा म्हणजे बहुतेक वांगं, म्हणजे खेत किंवा मंडी. दोन्हीत गोंधळला आणि प्रेक्षकांचं मत घेतलं. पडद्यावर 'समुद्र'चा खांब वर चढत गेला आणि ह्याचं तोंड उघडंच राहिलं. ज्याच्या मागच्या दारात दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येतं, त्याने भरती-ओहोटीवर लाइफलाइन घालवली! पुढे जिथे खरोखर ती हवी होती तिथे हात रिकामे, म्हणून खेळ सोडून आला.

ही बातमी नाही?

क्रिकेटच्या बातमीत रणजीतला पोरगा कुठल्या ओव्हरला, कसा बाद झाला ते येतं. टीव्हीवरच्या खेळाची बातमी आली की फक्त गरिबी, अश्रू आणि रक्कम. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. तेव्हा शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना १५०० रुपये मिळायचे, मोबाइल घ्यायचा होता, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ. १८५७ च्या बंडाचे अनुभव लिहिणारा बहादूरशाह जफरच्या दरबारातला कवी जहीर देहलवी, हे त्यांनी ओळखलं, ते किती जणांना माहीत आहे? बाईंचा अभ्यास होता. तो कुणी छापला?

आणि ते 'गरिबीतून कोटींकडे' हे मथळे आता नुसते बघूनही कंटाळा येतो. गेम शोचे चाहते म्हणून तुमचं काय मत?

जुना वार्ताहर (रत्नागिरी)

अकरा वर्षं तालुका बातमीदार होतो, त्यामुळे ही शाल माझ्याच खांद्यावर पडतेय असं समजून उत्तर देतो.

पहिली गोष्ट, आम्हाला खेळ दिसलेलाच नसतो. चित्रीकरण आधी होतं, निकाल फोडायचा नाही असं स्पर्धकाकडून लिहून घेतलेलं असतं. प्रसारणाच्या दिवशी दुपारी वाहिनीची प्रेस नोट येते, त्यात 'हृदयस्पर्शी प्रवास' आणि एक फोटो. भाग रात्री नऊला. माझं पान संध्याकाळी सातला सुटायचं. मग मी काय करणार? मोटरसायकल काढून आईकडे जाणार. आई घरी असते, बोलते, चहा देते. लाइफलाइन चहा देत नाही.

दुसरी गोष्ट, बबिताताईंचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. कवीचं नाव मथळ्यात टाकलं असतं तर सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ वाढली असती. '१५०० रुपये' मथळ्यात आले म्हणून पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना महिन्याला काय मिळतं, हे घराघरांत कळलं. त्या आधी किती जणांनी विचारलं होतं? तुम्ही तरी विचारलं होतंत?

कातळकडा

नव्हतं विचारलं. मान्य.

पण मग दुसऱ्या दिवशी, भाग दिसल्यावर तरी लिहा की. एक प्रयोग करा. ३ जुलै २००० ला केबीसी सुरू झालं आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. नाव आठवतं, अमिताभने मारलेली मिठी आठवते. शेवटचा प्रश्न कुठला होता? गूगल न करता सांगा.

सोलकढी_दोन_ग्लास

माका फक्त इतक्याच आठवता की आमच्या वाडीत एकच रंगीत टीव्ही होतो आणि माझो काको एसटीडी बूथवर रांगेत उभो ऱ्हवून केबीसीचो नंबर फिरवी. बिल झाला, नंबर कधी लागलो नाय. काकी अजून काढता.

हिशेबनीस

प्रश्न मला आठवतो. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना कुणाला देते? ॲटर्नी जनरल. कलम ८८: दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत देता येत नाही.

पण मथळ्यांवर माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या दोस्ताला हातात ३ लाख २० हजार मिळालेच नसणार. अशा बक्षिसावर ३० टक्के कर आधीच कापतात, म्हणजे ९६ हजार तिथेच गेले. आणि ह्या रकमेला नेहमीची करमुक्त मर्यादा लागत नाही, त्यामुळे बाकी उत्पन्न शून्य असलं तरी ते परत मागता येत नाहीत. बातमीत मात्र पूर्ण आकडा ठळक टायपात. मग नातेवाईक उधार मागायला येतात तेही पूर्ण आकड्याच्या हिशेबाने.

कातळकडा

आले होते. एक तर विम्याची पॉलिसी घेऊनच आला.

सुरंगी (गुहागर)

मी दोन्ही बाजूंवर चिडलेय.

कातळकडा, तुम्ही 'खेळ' म्हणता तेव्हा फक्त प्रश्नमंजुषा धरता. 'होम मिनिस्टर' २००४ पासून अठरा वर्षं चाललं, आदेश बांदेकर घरोघरी गेले. त्यावर वर्तमानपत्रांत लिहिलं जायचं ते एक तर पैठणीचं कौतुक, नाहीतर 'बायकांना काय नाचवताय' अशी नाकं मुरडणं. २०२२ मध्ये शेवटी ११ लाखांची पैठणी आणली तेव्हा तर साडीच बातमी झाली, बाई गायब. खेळ म्हणून त्यात काय होतं ते कुणी बघितलं का? तोल, नेम, हजरजबाबीपणा, सासूच्या समोर नवऱ्याची खोड सांगायचं धाडस. माझ्या आईला तो कार्यक्रम का आवडायचा सांगू? त्यात कुणीतरी स्वयंपाकघरातल्या बाईला 'तुम्ही काय म्हणता?' असं विचारायचं.

आणि वार्ताहर साहेब, आई चहा देते म्हणून तिची बातमी होते म्हणता. मग माझी ऐका. आमच्या मंडळाच्या गणपतीत 'खेळ पैठणीचा' ठेवला होता. एकशे दहा बायका, सात फेऱ्या. शेवटच्या फेरीत एका मिनिटात काडीने काडी पेटवत मेणबत्त्या लावायच्या, पंखे बंद, आणि बाहेरून खाडीचा वारा मंडपात घुसतोय. मी पदराचा आडोसा केला. बाकीच्या दोघी हाताचा करत होत्या, त्यांचा एक हात त्यातच अडकला. अकरा लावल्या मी. जिंकले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बातमी: उद्घाटक, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सूत्रसंचालक, आभार. तळाला 'प्रथम क्रमांक' आणि पुढे नवऱ्याचं नाव, 'यांच्या पत्नी' असं. ते पैठणी नेसलेले नाहीत अजून.

जुना वार्ताहर

सुरंगीताई, ते आम्ही करायचो. खजिनदाराचं नाव राहिलं तर सकाळी फोन यायचा. विजेतीचा फोन कधी आला नाही. पदराच्या आडोशाची बातमी मात्र मी नक्की केली असती, कुणी सांगितली असती तर.

घाटावरचा_पाहुणा

एवढा कीस कशाला? सगळं ठरवून केलेलं असतं. रडणारे निवडतात, संगीत लावतात, टीआरपी घेतात. ठरवलेल्या गोष्टीची बातमीच छापू नये.

खाडीपलीकडे (मालवण)

पाहुणे, ठरवून केलेलं असेल तर तीच सगळ्यात मोठी बातमी असते की. अमेरिकेत १९५० च्या दशकात 'ट्वेंटी वन' नावाचा खेळ होता. चार्ल्स व्हॅन डोरेन हा प्राध्यापक आठवडेच्या आठवडे जिंकत गेला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकला. त्याच्याकडून हरलेला हर्ब स्टेम्पेल सांगत होता की मला मुद्दाम हरायला लावलं, उत्तरं आधी देतात. पुरावा नाही म्हणून सुरुवातीला ते छापायची कुणाची हिंमत होईना. शेवटी १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं, १९६० मध्ये कायदा बदलला. म्हणजे खेळाकडे खेळ म्हणून बघणारा बातमीदार लागतो, फक्त प्रवासाकडे बघणारा नाही. इथे मी कातळकड्याच्या बाजूने.

पण ठरवल्याशिवायही लबाडी होते. इंग्लंडमध्ये, केबीसी ज्यावरून घेतलं त्या मूळ 'हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर?'मध्ये २००१ साली मेजर चार्ल्स इंग्रॅमने दहा लाख पौंड जिंकले, आणि बरोबर पर्यायावर प्रेक्षकांतून खोकला ऐकू येत होता. २००३ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. त्यात वाहिनीच फसलेली होती. 'सगळं ठरवलेलं' म्हणून हात झटकले की हे दोन प्रकार एकाच पोत्यात जातात.

बाकी, प्रवासवाल्या बातम्यांचं पुढे काय होतं तेही बघा. मोतिहारीचा सुशील कुमार २०११ मध्ये पाच कोटी जिंकला. २०२० मध्ये त्याने स्वतःच लिहिलं की ते दिवस किती वाईट गेले, कसं फसवलं लोकांनी. त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एका पत्रकाराच्या प्रश्नाने वैतागून तो बोलून गेला की पैसे संपले, दोन गाई पाळल्यात, दूध विकून जगतो. ती बातमी देशभर फिरली. त्याचा फायदा एवढाच की मागायला येणारे यायचे बंद झाले.

शाळामास्तर (कुडाळ)

कातळकडा, तुम्हाला खेळाची बातमी हवी होती ना? ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाली की. केबीसीत पाचवीतला एक मुलगा आला, पर्याय ऐकायच्या आधीच उत्तर लॉक करा म्हणू लागला, रामायणाच्या पहिल्या कांडाच्या प्रश्नावर चुकला आणि शून्यावर गेला. सगळ्यांनी अगदी खेळच दाखवला: कुठला प्रश्न, काय बोलला, कसा बोलला. चोवीस तासांत ती क्लिप प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर. मग 'सिक्स पॉकेट सिंड्रोम' (एकुलत्या पोराचे आई-बाप आणि चार आजी-आजोबा अशा सहा जणांकडून होणारे अति लाड) म्हणजे काय यावर तज्ज्ञ लेख. दहा वर्षांचं पोर! आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर लोकांनी जे लिहिलं ते वाचून मला आमचीच लाज वाटली. त्या वेळी एखाद्याने त्याच्या घराची, अभ्यासाची, आईची भाबडी बातमी केली असती तर मी ती आनंदाने वाचली असती.

तुमच्या दोस्ताच्या ज्वारीचंही तेच झालं असतं. छापली नाही ते बरं.

कातळकडा

मास्तर, दहा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठावीस वर्षांचा बाप्या यात फरक आहे. आणि ते खेळाचं वार्तांकन नव्हतं, ती क्लिप होती. क्लिपेत पोर दिसतं. घाईने उत्तर देणाऱ्याला वेग आणि जोखीम यांचं गणित कसं चुकवतं, ते कुणी लिहिलं? असो, त्या मुलापुरतं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

जुना वार्ताहर

एकच विचारतो. ज्वार-भाट्याची गोष्ट त्या बातमीदाराला माहीत होती का? दोस्ताला विचारा. बातमीदार आळशी असतो हे खरं, पण दरवेळी तोच असतो असं नाही.

कातळकडा

विचारलं. काल रात्री बंदरावर बसलो होतो, लाइट गेले होते, तेव्हा विषय काढला. शब्दशः देतो:

"मी सांगितलंय तेका सगळा. माझ्या आयेनच मगे तेका बाजूक घेवन सांगितल्यान, ह्या छापू नको, गावात हसतले. पाटी डोक्यार घेवन फोटोय तिनाच काढूक लावल्यान. त्या दिवशी बाजार पण नव्हतो, पाटी रिकामी होती."

मी म्हटलं, बरं.

"बरा काय? आता तूच छापलंस मा?"