खोल सफाईनंतर हिरड्या का खाली जातात?

खोल सफाईनंतर, म्हणजे हिरडीखाली दातांच्या मुळांवर साचलेला थर काढल्यावर, हिरड्या आणखी खाली गेल्या आणि दातांत फटी दिसू लागल्या, म्हणजे उपचारानेच नुकसान झाले, असा सूर अनेकदा ऐकू येतो. माझे मत थोडे वेगळे आहे. डॉक्टरांनी बारीक खुणांची सळई हिरडीच्या कडेने आत सरकवत ‘पाच, सात, सहा’ असे मिलिमीटरचे आकडे सांगितले, तेव्हा मला प्रथमच कळले की निरोगी हिरडीत दात आणि हिरडी यांमधल्या फटीची ही खोली १ ते ३ असते आणि माझ्या दाढांभोवतीचे हाड केव्हाच झिजले आहे. सफाईनंतर सूज उतरली, की आजवर झाकलेली ही झीज उघडी पडते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. उरलेले मात्र टिकवता येते.

रक्त येते म्हणून ती जागा टाळून ब्रश करणे, ही माझी जुनी चूक होती. आता रोज रात्री फटींतून छोटा ब्रश फिरवतो, दाढांसाठी जाड आणि पुढच्या दातांसाठी बारीक. (कंटाळा येतो, हे कबूल.) शिवाय दर ३ महिन्यांनी तपासणी असतेच.

मधुमेह असल्यास साखरेवर ताबा हवाच, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि हिरड्यांची सूज साखर वाढवते. धूम्रपान करणाऱ्यांनी तर रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तंबाखूमुळे रक्तस्राव दबतो आणि आजार आतल्या आत वाढत राहतो.