पदवीनंतर स्पॅनिश शिकायला परदेशी जाणे: वर्ष सत्कारणी की वाया?

धागाकर्ती

पदवी हाती आली की लगेच नोकरी धरावी, भाषा काय नंतरही शिकता येते, असे मला बहुतेकांनी सांगितले होते. तरीही मी दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनाडात दहा महिने राहून आले आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जावेच, असे माझे ठाम मत झाले आहे.

जाण्यापूर्वी मी दोन वर्षे वर्गात शिकले होते, पण पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंचे साधे बोलणेही मला उमगेना. पुस्तकात ‘लोस निन्योस’, म्हणजे मुले, असे छापलेले असते आणि तिथे कानावर पडते ‘लो निन्यो’. ग्रॅनाडा ज्यात येते त्या अंदालुसिया प्रांतात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळतो, आणि ग्रॅनाडाच्या बाजूला तर पुष्कळदा शेवटचा स्वर थोडा अधिक उघडा उच्चारला, एवढ्यावरूनच अनेकवचन ओळखायचे असते. हा कान तयार व्हायला मला दोन महिने लागले आणि तो वर्गात बसून तयार झाला असता, असे मला वाटत नाही. जेवणे आटोपल्यावर ताटे तशीच ठेवून तासभर गप्पा मारत बसण्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. मी बोलायला शिकले ती खरे तर त्या टेबलाशी.

प्रतिसाद १ (विरोधात)

आपल्या अनुभवाबद्दल मला शंका नाही, परंतु त्यावरून ‘जावेच’ असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवण्यासाठी साधारण ३० आठवडे धरते आणि हे शिक्षण त्यांना नेमणुकीच्या देशात नव्हे, तर वॉशिंग्टनजवळ, म्हणजे मायदेशीच मिळते. रोज पाच-सहा तास नेटाने अभ्यास केला तर भाषा घरीही येते, हे यावरून दिसते.

दुसरा मुद्दा पैशांचा आहे. स्पेनमध्ये ९० दिवसांहून अधिक काळ शिकायचे असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतो आणि तो मागताना दरमहा किमान ६०० युरोंची तजवीज दाखवावी लागते (हा आकडा २०२३ पासूनचा आहे). नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाकडे एवढी रक्कम स्वतःची नसते. ती आईवडिलांची असते किंवा कर्जाची. शिवाय बाहेर गेलेले विद्यार्थी आपसांत इंग्रजीच बोलत राहतात, हे मी जवळून पाहिले आहे. माझा एक मित्र बार्सिलोनात आठ महिने राहिला. शहरात पाट्यांपासून शाळांपर्यंत कातालान ही तिथली स्थानिक भाषा, घरात सोबत्यांची इंग्रजी. स्पॅनिश त्याच्या वाट्याला आली ती दुकानात आणि वर्गात.

प्रतिसाद २ (बाजूने)

स्पॅनिश म्हणजे स्पेन, असे धरून चालल्यामुळे खर्चाचा मुद्दा फार मोठा दिसतो. ही भाषा २० देशांत अधिकृत आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशातील अँटिग्वा या जुन्या शहरात एका विद्यार्थ्यासमोर एक शिक्षक बसवून रोज चार-पाच तास शिकवणाऱ्या शाळा आहेत आणि राहण्याची सोय बहुधा एखाद्या कुटुंबात होते. मी तिथे तीन महिने होतो. स्पेनच्या मानाने खर्च पुष्कळच कमी आला आणि इंग्रजीत बोलायला घरात कोणीच नव्हते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्याची स्पॅनिश घडण अगदी मराठीसारखीच आहे: ‘मे गुस्ता एल काफे’. माझ्या वर्गातले इंग्रजीभाषक याच रचनेपाशी अडखळत होते आणि मला ती आपसूक आली. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतले अंतरही आपल्याला शिकवावे लागत नाही. मात्र ते कोठे पाळायचे हे पुस्तक सांगत नाही: स्पेनमध्ये अनोळखी माणूसही चटकन ‘तू’ वर येतो, तर कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, जवळची माणसेही एकमेकांना आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणताना आढळतात.

प्रतिसाद ३ (विरोधात)

परत आल्यावर काय, याविषयी कोणीच बोलत नाही. ‘डेले’ या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र कायम वैध असते, पण वर्षभर कोणाशी बोलणे झाले नाही तर जीभ अडखळू लागते. पुढे ही भाषा रोज वापरायची सोय नसेल, तर जाऊ नये.

धागाकर्ती

प्रतिसाद १ मधील सोबत्यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. माझा पहिला महिना इंग्रजी बोलणाऱ्या मुलींबरोबरच गेला आणि त्या महिन्यात मी जवळजवळ काहीच शिकले नाही. घर बदलले तेव्हाच गाडी पुढे सरकली. कर्ज काढून जाऊ नये आणि किमान बी-१ ही भाषेची मध्यम पातळी गाठल्याशिवाय निघू नये, हेही मी मान्य करते, कारण क्रियापदांची रूपे पाठ करायला परदेशी जाण्याची गरज नाही.

प्रतिसाद १

मग दोन वर्षे नोकरी करून, स्वतःच्या बचतीवर का जाऊ नये? माझा विरोध भाषेला नसून या घाईला आहे.

धागाकर्ती

कारण दहा महिन्यांची रजा कोणती नोकरी देते? माझ्याबरोबर पदवीधर झालेल्या दोघी ‘दोन वर्षांनी जाऊ’ असे म्हणाल्या होत्या. त्यांना आता पाच वर्षे झाली, बचतही पुरेशी आहे, पण घराचे हप्ते आणि बढती सोडून निघणे त्यांना जमलेले नाही.