संकरित नेपियरला युरिया वाढवल्यास गाईंचे पशुखाद्य कमी करता येईल का?

प्रश्न : दूध उत्पादक, संगमनेर तालुका

माझ्याकडे होल्स्टिन संकरित सहा गाई असून त्यांच्यासाठी एक एकर फुले जयवंत हे संकरित नेपियर बागायती जमिनीत लावलेले आहे. दुभत्या गाईंचे दूध सरासरी 15 लिटर आहे. प्रत्येक कापणीनंतर मी एकरी एक गोणी युरिया देतो आणि पुढची कापणी साधारण दोन महिन्यांनी, गवत डोक्याच्या वर गेल्यावर करतो. नुकताच चारा तपासून घेतला, तेव्हा शुष्क पदार्थात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) क्रूड प्रथिन 8.2 टक्के निघाले. शेजारचे शेतकरी कापणीनंतर दोन गोण्या युरिया देतात. त्यांचे गवत काळेभोर हिरवे दिसते आणि त्यात प्रथिन अधिक असल्याने पशुखाद्य कमी लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. युरिया दुप्पट करून प्रत्येक गाईमागे दोन किलो पशुखाद्य कमी करणे शक्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : चारा पिकांचे अभ्यासक, राहुरी

प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजले जात नाही. चाऱ्यातील नत्र मोजून त्यास 6.25 ने गुणले जाते, कारण प्रथिनात सरासरी 16 टक्के नत्र असते असे गृहीत धरलेले आहे. त्यामुळे पिकाने उचललेले पण अद्याप प्रथिनात न रूपांतरित झालेले नत्रही अहवालात बऱ्याच अंशी ‘प्रथिन’ म्हणूनच येते. युरिया वाढवला की हा आकडा वाढू शकतो, हे खरे आहे; पण वाढलेला प्रत्येक टक्का खरे प्रथिन असेलच असे नाही.

दुसरे असे की, उपाशी पिकाला नत्र मिळाले की ते आधी उंची आणि फुटवे वाढवते. या टप्प्यात उत्पादन वाढते, परंतु उचललेले नत्र वाढलेल्या वैरणीत विभागले गेल्याने प्रथिनाची टक्केवारी फारशी हलत नाही. पिकाची वाढीची गरज भागल्यानंतर दिलेले नत्र मात्र टक्केवारीत दिसू लागते, आणि नेमका तोच टप्पा खर्चाच्या व जनावरांच्या दृष्टीने जपून हाताळावा लागतो.

आपला हिशेब पाहू. एका कापणीत एकरी 10 टन हिरवा चारा निघत असेल आणि त्यात 20 टक्के शुष्क पदार्थ असेल, तर 2 टन शुष्क चाऱ्यातून 8.2 टक्के प्रथिनाच्या हिशेबाने सुमारे 26 किलो नत्र शेतातून बाहेर जाते. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो नत्र असते आणि तेही पूर्ण पिकाला मिळत नाही. म्हणजे एक गोणी ही चैन नव्हे. तिच्या जोडीला शेणखत हवेच. मात्र दोन गोण्या एकदम टाकण्यापेक्षा, गरज वाटल्यास दीड गोणी दोन हप्त्यांत द्यावी. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वर पसरलेला युरिया उन्हाळ्यात अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून तो मातीत मिसळून लगेच पाणी द्यावे.

खरा फरक कापणीच्या वयाने पडेल. दोन महिन्यांच्या गवतात कांड्या जाड होतात, पाल्याचे प्रमाण घटते, तंतू वाढतात आणि प्रथिन खाली येते. हेच गवत 40 ते 45 दिवसांनी कापले, तर त्याच एका गोणीत प्रथिन वाढलेले दिसेल. दर कापणीला टनेज थोडे कमी भरेल, पण गव्हाणीत उरणाऱ्या कांड्याही कमी होतील. गोणी वाढवण्याआधी विळा लवकर चालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : पशुवैद्यक, बारामती

वरील उत्तराशी मी सहमत आहे; आता गाईच्या बाजूने पाहू. समजा चाऱ्याचे प्रथिन 8.2 वरून 11 टक्के झाले. गाय 20 किलो नेपियर खात असेल, तर 4 किलो शुष्क चाऱ्यातून तिला 328 ग्रॅमऐवजी 440 ग्रॅम, म्हणजे 112 ग्रॅम प्रथिन अधिक मिळेल. 20 टक्के प्रथिनाच्या पशुखाद्यात एवढे प्रथिन साधारण साडेपाचशे ग्रॅममध्ये असते. 15 लिटर दुधाच्या गाईला दिवसाला दीड ते पावणेदोन किलो क्रूड प्रथिन लागते. तेव्हा दोन किलो पशुखाद्य कमी करण्याचा विचार सोडावा. शिवाय पशुखाद्यातून ऊर्जाही मिळते आणि युरिया गवतातली ऊर्जा वाढवत नाही. उलट भरपूर नत्रावर वाढलेल्या गवतातील साखर कमी होते.

ही ऊर्जा महत्त्वाची आहे, कारण कोठीपोटातील (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव नत्रापासून झालेला अमोनिया ऊर्जेच्या जोरावरच स्वतःच्या प्रथिनात बदलतात. ऊर्जा अपुरी पडली की उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्रातून व दुधातून बाहेर पडतो. दुधातील युरिया नत्र साधारण 10 ते 16 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. ते सतत 20 च्या वर राहिले, तर गाई उलटण्याचे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचे, प्रमाण वाढलेले आढळते. म्हणून कोवळ्या नेपियरबरोबर मक्याचा मुरघास किंवा मका भरडा असावा.

धोका नायट्रेटचा आहे. भरपूर युरिया दिल्यावर पाण्याचा ताण पडला किंवा ढगाळ हवामान लांबले, तर पीक नायट्रेट उचलते, पण त्याचे प्रथिन करू शकत नाही. ते खोडाच्या खालच्या भागात साठते. कोठीपोटात त्याचे नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, रक्त चॉकलेटी दिसते आणि गाय धापा टाकत कोसळते. शुष्क पदार्थात नायट्रेट 1 टक्क्याच्या पुढे गेले की सावध व्हावे, आणि गाभण गाईंबाबत त्याच्याही आधी.

हे नायट्रेट चारा वाळवून जात नाही. मुरघासात बरेच घटते. कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेशी त्याची गल्लत होता कामा नये. तिथे विष हायड्रोसायनिक आम्लाचे असते आणि रक्त लालभडक दिसते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, किंबहुना सायनाइडवर दिले जाणारे सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या गाईला अधिक घातक ठरते. म्हणून जनावर पडल्यास डॉक्टरांना गवताला खत कधी दिले आणि गाईने काय खाल्ले, हे आधी सांगावे.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. कापणी 45 दिवसांवर आणून युरिया एका गोणीवरच ठेवतो. प्रथिनासाठी दहा गुंठे लसूणघास लावण्याचा विचार आहे. त्यालाही प्रत्येक कापणीला युरिया द्यावा लागेल का?

उत्तर : दूध उत्पादक, करवीर तालुका

नाही. लसूणघासाच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र स्वतःच बांधतात, त्यामुळे पेरणीच्या वेळी थोडे नत्र आणि बियाण्याला रायझोबियम (याच जिवाणूंचे खत) एवढे पुरते. त्याला खरी भूक स्फुरदाची असते. वारंवार युरिया दिला तर गाठींचे काम मंदावते आणि तण माजते. वेळेवर कापलेल्या घासाच्या शुष्क पदार्थात 18 ते 20 टक्क्यांपर्यंत प्रथिन मिळते, त्यामुळे एका गाईला रोज पाच-सहा किलो हिरवा घास नेपियरच्या कुट्टीत मिसळून दिला तरी वर हिशेबात आलेले 112 ग्रॅम भरून निघतात. नुसता कोवळा घास मात्र उपाशी पोटी भरपूर टाकू नये, पोट फुगते. आधी थोडा कडबा द्यावा.